पायलट लोकांना इतक्या वर्षांनंतरही उडवायला आवडतं का?

प्रश्न असा आलाय की एअरलाइन पायलट या कामाकडे नेमके कशामुळे ओढले जातात, पंधरा-वीस वर्षांनंतरही तेवढंच आवडतं की मग फक्त पगारासाठी चालू असतं, आणि हल्ली सगळं ऑटोपायलटच करतो म्हटल्यावर आत बसून कंटाळा येत नाही का. मी २२ वर्षं एअरलाइनमध्ये उडवतेय, त्यातली शेवटची ११ कॅप्टन म्हणून. आधी दिवसाला चार-चार फ्लाइट्स करायचे ते छोटं विमान होतं, आता लांब पल्ल्याचं मोठं आहे. तर स्वतः जे अनुभवलंय आणि शेजारच्या सीटवरच्या शेकडो जणांकडून जे ऐकलंय त्यावरून सांगते.

आधी एक गोष्ट वेगळी काढू, उडवणं आणि नोकरी हे दोन वेगळे प्रश्न आहेत. "उडवायला आवडतं का" या प्रश्नाला कुणी नाही म्हटलेलं मला तरी आठवत नाही. "नोकरी आवडते का" विचारलं की मात्र समोरचा जरा थांबतो आणि मग रोस्टर (ड्यूटीचं वेळापत्रक), झोप, बेस (ज्या शहरातून ड्यूटी सुरू होते ते), सिनिऑरिटी, मॅनेजमेंट असं एकेक निघायला लागतं ते डिसेंट, म्हणजे उतरण्यासाठी खाली येणं, सुरू होईपर्यंत संपत नाही. (१०,००० फुटांखाली आम्ही कामाव्यतिरिक्त काही बोलत नाही, तसा नियमच आहे, त्यामुळे मनातलं जे काही निघतं ते वर क्रूझमध्येच.)

सुरुवात बहुतेकांची लहानपणीच झालेली असते. मी आठ-नऊ वर्षांची असताना फ्लाइट चालू असतानाच मला कॉकपिटमध्ये नेलं होतं, तेव्हा तसं चालायचं. ११ सप्टेंबर २००१ नंतर कॉकपिटचे दरवाजे मजबूत झाले आणि कायमचे बंद राहायला लागले, त्यामुळे आताच्या मुलांना हे मिळत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं, आता जमिनीवर विमान उभं असताना एखादं पोर दाराशी रेंगाळताना दिसलं तर मी वेळ असेल तेव्हा त्याला आत बोलावून सीटवर बसवतेच. मला त्या दिवसाचं एवढंच आठवतं की समोरच्या काचेतून सगळं आकाश एकदम दिसत होतं आणि ती दोन माणसं अगदी शांतपणे आपापलं काम करत होती. आकाश बघून भारावले होतेच, पण खरं घर केलं ते त्या शांतपणाने.

सगळे असेच येतात असं नाही. कुणाचे आई-वडील पायलट असतात, कुणी हवाई दलातून येतं, कुणी इंजिनिअरिंग करून कंटाळून येतं, आणि कुणी सरळ पगार बघून येतं, त्यात मला काहीच गैर वाटत नाही. फक्त एवढंच की नुसता पगार बघून आलेल्याला पहिली काही वर्षं फार जड जातात, कारण ट्रेनिंगचा खर्च प्रचंड असतो, बऱ्याच जणांच्या डोक्यावर कर्ज असतं आणि पहिली नोकरी कधी लागेल याची काही खात्री नसते. त्या काळात पायलट टिकतो तो उडवायची भूक असते म्हणून.

आता मूळ मुद्द्यावर येते, माणूस येतो कशासाठी आणि टिकतो कशासाठी यात फरक आहे. येतो तो आकाशासाठी, युनिफॉर्मसाठी, जग बघायला. ही नवलाई माझ्या मते चार-पाच वर्षांत ओसरते, हॉटेलच्या खोल्या सगळ्या सारख्या वाटायला लागतात. टिकतो तो कामाच्या कसबासाठी, एखादी अवघड गोष्ट नीट, नेमकी, कुणाच्या लक्षातही न येता करण्यात जे समाधान आहे त्याची गोडी लागते.

एक रात्र सांगते. पाऊस, रनवे ओला, आणि वारा आडवा, मधूनमधून झटके देणारा. अशा वेळी विमान सरळ रनवेकडे तोंड करून येतच नाही, नाक वाऱ्याकडे वळवलेलं असतं आणि विमान तिरकं तिरकं पण बरोबर रनवेच्या रेषेत सरकत येतं, म्हणजे रनवेचे दिवे तुम्हाला समोरच्या काचेच्या मधोमध न दिसता बाजूला दिसतात. ६०-६५ टनांचं विमान, ताशी साधारण २५० किलोमीटर वेग. खाली येताना मशीनचा आवाज फुटांत उंची सांगत असतो, फिफ्टी, फॉर्टी, थर्टी, आणि इथून पुढे टेकेपर्यंत हातात फक्त पाच-सात सेकंद असतात. त्यात नाक हळूच वर घ्यायचं, पायाने रडर दाबून विमान रनवेच्या रेषेत सरळ करायचं, त्याच वेळी वाऱ्याकडचा पंख उचलला जाऊ नये म्हणून हात उलट्या बाजूला, आणि पॉवर कमी करायची, हे सगळं एकदम आणि थोडं थोडं. त्या रात्री आधी वाऱ्याकडचं चाक टेकलं, मग दुसरं, मग नाक, आणि विमान मधल्या रेषेवर होतं. शेजारचा फर्स्ट ऑफिसर (एफओ, म्हणजे को-पायलट) काही बोलला नाही, मीही नाही, स्पॉइलर, रिव्हर्स, स्पीड असे नेहमीचे कॉल तेवढे झाले. मागे दीडशेच्या वर माणसं होती, त्यातल्या अर्ध्यांनी एव्हाना फोन चालू केले असतील. गेटवर इंजिन बंद केलं तेव्हा माझ्या उजव्या पोटरीत हलका कंप होता आणि मनात जी तृप्ती होती तिच्यासाठी मी आजही पहाटे तीनचा अलार्म लावते. कौतुक झालंच नाही, व्हायचं कारणही नव्हतं, आणि तरी ती रात्र माझी आहे.

बरं, ऑटोपायलट. हो, रोजच्या फ्लाइटमध्ये हाताने उडवणं काही मिनिटांचंच असतं, टेकऑफ नंतरचा थोडा वेळ आणि लँडिंग आधीचा. पण ऑटोपायलट सांगितलेलं करतो, काय सांगायचं ते आम्ही ठरवतो, आणि ठरवणं हेच खरं काम आहे. समोर ढगांची भिंत आहे, डावीकडून जायचं की उजवीकडून, डावीकडून गेलो तर किती फ्युएल जास्त जाईल, तिथे पोहोचेपर्यंत हवामान बिघडलं तर दुसरा एअरपोर्ट कुठला, त्याचा रनवे किती लांब, तिथे आत्ता वारा काय आहे, केबिनमध्ये एक प्रवासी आजारी आहे म्हणून सांगितलंय तर त्याला त्याआधी उतरवावं लागेल का. बाहेरून बघणाऱ्याला दोन माणसं कॉफी पीत बसलेली दिसतात, आत डोक्यात सतत पुढच्या अर्ध्या तासाचं विमान उडत असतं. चांगला पायलट विमानाच्या पुढे असतो असं आमच्यात म्हणतात ते यासाठी. कंटाळ्याचं म्हणाल तर लांब रात्रीच्या फ्लाइटमध्ये समुद्रावर काही तास खूप संथ जातात हे खरंय, आणि त्या संथपणात जागरूक राहणं हे हाताने उडवण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे असं माझं मत आहे.

टेकऑफची एक छोटी गोष्ट मला फार आवडते. रनवेवर वेग घेताना कॅप्टनचा हात थ्रस्ट लिव्हरवर असतो, कारण काही बिघडलं तर तोच हात मागे ओढून टेकऑफ थांबवायचा असतो. एक ठरावीक वेग आला, आम्ही त्याला व्ही-वन म्हणतो, की तो हात काढून घ्यायचा. आता थांबायचं नाही, आता काहीही झालं तरी उडायचं आणि वर गेल्यावर बघायचं. तो हात उचलायचा क्षण मी हजारो वेळा अनुभवलाय, एकदाही सवयीचा झालेला नाही आणि होऊही नये.

आणि एक गोष्ट जिचा मला या व्यवसायाबद्दल सगळ्यात जास्त अभिमान वाटतो, ती म्हणजे आम्ही चुका लपवत नाही, निदान लपवू नयेत अशी आमची शिकवण आहे. ती फार मोठी किंमत देऊन मिळालीय. १९७७ साली स्पेनच्या टेनेरिफ बेटावर धुक्यात दोन बोईंग ७४७ एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली, टेकऑफ सुरू करणारा कॅप्टन कंपनीतला अतिशय ज्येष्ठ माणूस होता, फ्लाइट इंजिनिअरला शंका आली होती की रनवे मोकळा आहे का, त्याने विचारलं पण ते तिथेच राहिलं. पुढच्याच वर्षी अमेरिकेत पोर्टलंडला युनायटेड एअरलाइन्सच्या एका विमानाचे लोक लँडिंग गिअरचा, म्हणजे चाकांचा, प्रॉब्लेम सोडवत घिरट्या घालत राहिले आणि फ्युएल संपून विमान पडलं, १० जण गेले, तिथेही फ्युएलचं बोलणं झालं होतं पण कॅप्टनपर्यंत नीट पोहोचलं नाही. या सगळ्यातून पुढे सीआरएम आलं, म्हणजे क्रू रिसोर्स मॅनेजमेंट, सोप्या भाषेत कॅप्टनने ऐकायचं आणि ज्युनिअरने बोलायचं, दोन्ही शिकवायचं. १९८९ मध्ये अमेरिकेत सू सिटीला एका डीसी-१० विमानाचे सगळे हायड्रॉलिक गेले, म्हणजे विमान वळवायचं नेहमीचं कुठलंच साधन उरलं नाही, तेव्हा कॅप्टन अल हेन्स यांनी प्रवासी म्हणून बसलेल्या एका ट्रेनिंग पायलटला पुढे बोलावलं आणि चौघांनी मिळून फक्त इंजिनांची पॉवर कमी-जास्त करत विमान रनवेपर्यंत आणलं. २९६ पैकी १८४ वाचले. हेन्स नंतर आयुष्यभर सांगत राहिले की हे एकट्याचं काम नव्हतं. २००९ मध्ये हडसन नदीवर उतरवलेल्या विमानाबद्दल सगळ्यांना कॅप्टन सलनबर्गर माहीत असतात, पण शेजारी जेफ्री स्काइल्स चेकलिस्ट करत होते, पक्षी आदळल्यापासून पाण्यावर टेकेपर्यंत साधारण साडेतीन मिनिटं मिळाली त्या दोघांना आणि सगळे १५५ लोक वाचले.

हे पुस्तकातलं झालं, माझंही सांगते. कॅप्टन होऊन वर्षभर झालं होतं, मी उडवत होते, दिवसाची चौथी फ्लाइट, अप्रोचला, म्हणजे रनवेकडे उतरत येताना, वेग थोडा जास्त राहिला होता आणि मला वाटत होतं की होईल कमी, होतोय. शेजारी एक अगदी नवीन मुलगा होता, लाइन ट्रेनिंग संपून जेमतेम महिना झालेला. तो म्हणाला, "अनस्टेबल, गो-अराउंड." म्हणजे लँडिंग नीट बसत नाहीये, सोडून परत वर चला. आवाज थोडा कापरा होता पण शब्द स्पष्ट होते. मी पॉवर पुढे केली, वर गेलो, फेरी मारली, उतरलो, पंधरा मिनिटं उशीर झाला. गेटवर त्याला म्हटलं की तू बरोबर होतास आणि मी पाच सेकंद उशिरा होते. तो इतका घाबरला होता की आधी मी चिडलेय असंच त्याला वाटलं. नंतर रिपोर्ट मी स्वतः लिहिला. तो मुलगा आता कॅप्टन आहे आणि मला माहितीये की त्याच्या शेजारी बसणारा एफओ बोलायला घाबरणार नाही. मला विचाराल तर पायलटला पुढे नेणारी सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे, की आपल्यावर विश्वास टाकलाय आणि त्या विश्वासाला आपण आज पात्र आहोत का हे रोज नव्याने सिद्ध करायचंय.

सिद्ध करायचंय हे अक्षरशः. बहुतेक ठिकाणी दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरमध्ये परीक्षा असते, इंजिन बंद पडणं, आग, प्रेशर जाणं, सगळं तुमच्यावर सोडतात आणि परीक्षक मागे बसून बघत असतो. २२ वर्षांनंतरही आदल्या रात्री माझी झोप नीट होत नाही. शिवाय मेडिकल, वर्षाला एकदा आणि वय वाढलं की बऱ्याच जणांना सहा महिन्यांनी. डॉक्टरने एका कागदावर सही केली नाही तर उद्यापासून काम बंद, मग तुमचे कितीही हजार तास असोत. माझ्या एका बॅचमेटचं ईसीजीमध्ये काहीतरी निघालं आणि तो ३८ व्या वर्षी थांबला. या टांगत्या तलवारीखाली सगळं करिअर काढायचं असतं, पण आम्ही एकमेकांत त्याबद्दल फारसं बोलत नाही.

याचा एक वाईट परिणाम आहे. लायसन्स जाईल या भीतीने पायलट मनाचा त्रास सांगत नाहीत. झोप लागत नाही, घरी काहीतरी बिनसलंय, उदास वाटतंय, तरी "सगळं ठीक" म्हणून ड्यूटीला येतात. २०१५ च्या जर्मनविंग्जच्या घटनेत को-पायलटने स्वतः धरून १५० माणसं असलेलं विमान जाणूनबुजून आल्प्सवर आदळवलं, त्यानंतर युरोपात एअरलाइन्सना पीअर सपोर्ट ठेवणं बंधनकारक झालं, म्हणजे त्रास असेल तर आपल्यासारख्याच दुसऱ्या पायलटशी गोपनीयपणे बोलता येतं. मी स्वतः अशा ग्रुपमध्ये स्वयंसेवक आहे. फोन करणाऱ्यांपैकी बहुतेकांना उपाय नको असतो, कुणीतरी न घाबरवता ऐकून घेणारं हवं असतं. थोडी रजा, थोडे उपचार, आणि पुष्कळ जण परत उडायला येतात. हे जितक्या लोकांना कळेल तितकं चांगलं.

थकवा हा नोकरीतला सगळ्यात मोठा शत्रू, पगाराच्या आधी मी त्याचं नाव घेईन. रात्री २ ते सकाळी ६ या वेळात शरीराला झोपायचंच असतं, तुम्ही कितीही सराईत असा. नासाच्या एका अभ्यासात लांब पल्ल्याच्या पायलटना कॉकपिटमध्येच ४० मिनिटं आळीपाळीने झोपायची मुभा दिली तर ते सरासरी २६ मिनिटं झोपले आणि नंतर उतरताना जास्त सावध होते. काही देशांत अशी डुलकी नियमात बसते, काही ठिकाणी अजून नाही. उड्डाणाच्या तासांवर मर्यादा असते, पण मर्यादेत बसणारं रोस्टर म्हणजे माणसाला झेपणारं रोस्टर असं नाही, आणि पायलट कडवट होतात ते बहुतेक याच कारणाने. उडवण्याचा कुणाला वीट आलेला मी बघितला नाही, गृहीत धरलं जाण्याचा येतो.

घराचं काय सांगू. माझी मुलगी पहिल्यांदा चालली ते मी हॉटेलच्या खोलीत फोनवर बघितलं. दुसऱ्या बाजूने, सुट्टी असते तेव्हा मी पूर्ण घरी असते, डोक्यात ऑफिस नसतं, इंजिन बंद केलं की ती फ्लाइट संपली. हे सुख फार कमी नोकऱ्यांमध्ये आहे.

पगार कमांड, म्हणजे कॅप्टनपद, मिळाल्यावर चांगला असतो, पण तो सिनिऑरिटीला बांधलेला. बऱ्याच एअरलाइन्समध्ये कंपनी बदलली की तुम्ही परत यादीच्या तळाला, त्यामुळे नाराज असूनही लोक हलत नाहीत. आणि पैसा काय किंवा नोकरी काय, याची शाश्वती नसते हे २०२० मध्ये सगळ्यांनी बघितलं. जगभर विमानं ओळीने उभी होती, माझे मित्र ट्रक चालवत होते, वेअरहाऊसमध्ये काम करत होते. मी सात महिने जमिनीवर होते. परत पहिल्यांदा वॉक-अराउंडला गेले, म्हणजे फ्लाइटआधी विमानाभोवती फिरून टायर, सेन्सर, इंजिनाची पाती बघतात ते, तर विमानाच्या पोटावर हात ठेवून जरा वेळ तशीच उभी राहिले, डोळे भरून आले होते. त्या लोकांपैकी पुष्कळ जण संधी मिळताच परत आले, त्यांना परत आणणारी गोष्ट पगार एवढीच असती तर काही जण तरी जास्त स्थिर कामात राहिले असते असं मला वाटतं.

आणि हो, आकाश. नवलाई जाते म्हटलं, पण काही गोष्टी कधीच जुन्या होत नाहीत. खाली ढगांवर विमानाची सावली पडते आणि तिच्याभोवती इंद्रधनुष्याची गोल कडी असतात, त्या कड्यांचा मध्य बरोबर तुम्ही बसलाय त्या जागेवर असतो, केबिनमध्ये मागे बसलेल्याला तो त्याच्या जागेवर दिसेल. वादळाच्या जवळून जाताना कधी काचेवर निळसर-जांभळ्या ठिणग्यांच्या बारीक रेषा नाचतात. उत्तरेकडच्या मार्गांवर ध्रुवीय प्रकाशाचे हिरवे पडदे हलत असतात. तिकडेच पश्चिमेकडे जाताना विमानाचा आणि पृथ्वी फिरण्याचा वेग जवळजवळ सारखा होतो आणि सूर्य मावळता मावळता तासन्‌तास क्षितिजावरच थांबतो. अशा वेळी आम्ही दिवे मंद करतो आणि दोघंही गप्प बसतो.

मागे एका कॅप्टनच्या शेवटच्या फ्लाइटला मी शेजारी होते. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे ६५ ला थांबावंच लागतं. लँडिंग त्यांनीच केलं, चांगलं केलं. गेटवर चेकलिस्ट संपली, प्रवासी उतरले, केबिन क्रू फोटो काढायला दाराशी थांबला होता, तरी ते हात थ्रस्ट लिव्हरवर ठेवून बसून राहिले. मग म्हणाले, आज अप्रोचला फ्लॅप्स मी जरा आधी घ्यायला हवे होते नाही का. मी म्हटलं, हो, थोडे. ते समाधानाने हसले आणि उठले.

ज्याने हे विचारलंय तो किंवा ती या क्षेत्रात यायचा विचार करत असेल तर तीन गोष्टी करा. पैसे भरायच्या आधी क्लास वन मेडिकल, म्हणजे व्यावसायिक पायलटला लागणारी डॉक्टरी तपासणी, करून घ्या, कारण तिथे अडलं तर बाकी सगळं फुकट. मग एखाद्या छोट्या विमानात इन्स्ट्रक्टरबरोबर एक ट्रायल फ्लाइट घ्या, आणि उतरल्यावर "किती छान दिसलं" हे डोक्यात आहे की "ते वळण मी परत करून बघू का" हे, ते स्वतःलाच विचारा. दुसरं असेल तर पुढे जा. तिसरं म्हणजे एअरलाइनमध्ये काम करणाऱ्या दोन-तीन फर्स्ट ऑफिसर्सशी बोला, आमच्यासारख्या जुन्या कॅप्टनशी नाही, कारण कर्ज, रोस्टर आणि पहिल्या पाच वर्षांची खरी परिस्थिती त्यांनाच माहीत असते.